माफ करायचं, पण कुणाच्या वतीनं?

पत्र बेळगावच्या शहापूर भागातल्या एका किराणा दुकानदाराचं आहे. वय शेहेचाळीस. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मराठी शाळेपासूनची चौघांची चौकडी. त्यातला एक पुढं एका सहकारी पतसंस्थेत व्यवस्थापक झाला, दुसरा त्याच संस्थेची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन घ्यायची रोजची छोटी बचत, गोळा करू लागला. २०२० ते २०२३ या काळात दुकानदार, भाजीवाल्या आणि विणकर यांच्याकडून घेतलेली रक्कम पावतीवर पूर्ण दिसायची, संस्थेत मात्र कमी भरली जायची. मधले पैसे दोघांनी एका प्लॉटच्या व्यवहारात घातले. एका विणकर बाईंनी ऑपरेशनसाठी पैसे काढायला अर्ज दिला आणि बिंग फुटलं. घोळ तीस लाखांच्या आसपास. काही ठेवीदारांनी पोलिसांत तक्रार दिली, गुन्हा नोंदला गेला, सहकार खात्याची चौकशीही सुरू आहे. पत्रलेखकाचे मुलीच्या लग्नासाठी साठवलेले दोन लाख चाळीस हजार त्यात गेले. शिवाय "आपलाच माणूस आहे, घाला पैसे" असं त्यांनी सांगितल्यामुळं गल्लीतल्या सात-आठ जणांनी तिथं खाती उघडली होती.

मध्यंतरी व्यवस्थापक मित्रानं चौथ्या मित्राच्या घरी सगळ्यांना बोलावलं. पाया पडला, रडला, "चुकलं की रे माझं, सगळी जबाबदारी माझी," म्हणाला. ठेवीदारांना चाळीस टक्के रक्कम हप्त्यानं द्यायला तो तयार आहे, पण तक्रार मागं घेतल्याच्या बाँड पेपरवर सह्या हव्यात. कागद कन्नडमध्ये आहे आणि पहिली सही पत्रलेखकाची हवी, म्हणजे बाकीचे करतील. पिग्मीवाला मित्र कुणालाच भेटलेला नाही. उद्यमबागच्या एका फाउंड्रीत रात्रपाळी करतो आणि चार-पाच जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी दर आठवड्याला पाचशे रुपये गुपचूप देऊन येतो, असं कानावर येतं. "एकानं निदान तोंडानं कबूल तरी केलं. दुसऱ्याचं तोंडसुद्धा बघू वाटत नाही," असं पत्रात आहे. आई म्हणते, माणूस चुकतो, पोटात घाल. बाकीचे मित्र म्हणतात, यंदा गणपती मंडळात दोघांना परत घेऊया. व्यवस्थापक आधी मंडळाचा खजिनदारच होता. पत्रलेखक विचारतात: माफ करावं का? सही करावी का? नाही केली तर पस्तीस वर्षांची मैत्री मी तोडली असं होईल का?

नमस्कार.

तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्या दडपणाखाली शोधताय असं पत्र वाचताना वाटत राहिलं. पिग्मीवाला मित्र तुमच्या दुकानात आला, चहा प्याला, शंभराची नोट घेतली, शंभराची पावती दिली आणि संस्थेत साठच भरले, त्या दिवशी मैत्रीचं जे व्हायचं ते झालं. तुम्हाला ते कळायला तीन वर्षं लागली. तुटलेलं जोडायचं की नाही हे ठरवण्याचा हक्क तुम्हाला आहे. ते तोडल्याचा ठपका मात्र तुमच्यावर येत नाही. कुणी मंडळाच्या बैठकीत तसं बोललं तर ऐकून घेऊ नका.

हा गुन्हा किती मोठा, हे तुम्ही पत्रात रकमेवरून मोजलं आहे. मला तो रकमेपेक्षा मोठा वाटतो, त्याचं कारण पिग्मी ही चीजच वेगळी आहे. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये ती सुरू केली, दिवसाला दोन आणे. ती बँक उभी राहिली तीच मुळी अडचणीत आलेल्या किनारपट्टीच्या हातमागवाल्यांना हात द्यायला. ज्याला बँकेची पायरी चढायची भीती वाटते, त्याच्या दारात बँकेनं जायचं, ही त्यामागची कल्पना. शहापूर-वडगावच्या विणकर घरांत, भाजी मार्केटात, ती रुजली ती दारात येणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघून. वडगावातल्या किती बायकांनी आयुष्यात संस्थेचं काउंटर पाहिलं असेल? त्यांच्यासाठी संस्था म्हणजे तो पोरगाच. तेव्हा इथं तिजोरीबरोबर त्या बायकांचा एकुलता एक दरवाजाही फोडला गेला आहे. "चूक" हा शब्द या कामाला अपुरा पडतो. पाढा म्हणताना चूक होते. तीन वर्षं, रोज, दोघांनी संगनमतानं जे केलं त्याला निर्णय म्हणतात.

आता तुमचे दोन मित्र. एकानं कबुली दिली म्हणून तो जवळचा, दुसरा गप्प म्हणून तो कोडगा, अशी तुमची मांडणी आहे. तिथंच मला थांबावंसं वाटतं.

व्यवस्थापक मित्र नेमकं काय बोलला, ते तुम्ही पत्रात जवळजवळ शब्दशः लिहिलं आहे. वेळ वाईट होती. प्लॉट अडकला. मधल्या माणसानं फसवलं. सगळी जबाबदारी माझी. यात कुणाचे किती गेले हे कुठं आहे? पहिल्यांदा कधी घेतले? पुस्तकं कशी जुळवली? तपासणीत कसं सुटलं? आणि सगळ्यात साधा प्रश्न, तो प्लॉट आज आहे कुठं आणि त्याचा उतारा कुणाच्या नावावर आहे? ज्याला खरोखर जबाबदारी घ्यायची असते तो या प्रश्नांची उत्तरं कुणी न विचारता कागदावर लिहून आणतो. तुमच्या मित्रानं कागद आणला, पण त्यावर तुम्ही काय सोडून द्यायचं ते लिहिलं होतं.

त्याचं रडणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. माणूस मनापासून रडतो आणि त्याच बैठकीत भावही करतो, दोन्ही खरं असू शकतं. पण चाळीस टक्के आणि तेही तक्रार मागं घेतली तर, हा सौदा आहे. सौदा करायलाही हरकत नसते, फक्त त्याला पश्चात्ताप म्हणू नये आणि पाया पडून तो गळी उतरवू नये.

महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी आणि युधिष्ठिर यांचा क्षमेवर मोठा वाद आहे. क्षमेचा जप आपण युधिष्ठिराच्या तोंडचा ऐकतो, द्रौपदीची बाजू प्रवचनात फारशी येत नाही. ती प्रल्हादानं आपल्या नातवाला, बळीला सांगितलेलं ऐकवते: सदा कठोर असणं बरं नाही आणि सदा क्षमा करणंही बरं नाही. ज्यानं पूर्वी उपकार केले त्याला, ज्याच्या हातून अजाणता घडलं त्याला, पहिल्यांदा चुकलेल्याला क्षमा करावी. पण जाणूनबुजून करून वर "अजाणता झालं" असं सांगणाऱ्याला लहान अपराधातही मोकळं सोडू नये. तुमच्या बैठकीत जे वाक्य "वेळ वाईट होती" म्हणून आलं, त्याला द्रौपदीच्या हिशोबात कुठली जागा मिळते ते तुम्हीच पाहा.

आणि माफी मागितली कुठं? चौथ्या मित्राच्या बैठकीच्या खोलीत. त्या विणकर बाईंच्या दारात तो गेला का? आपल्या निपाणी-चिकोडीकडं, बेळगावातही, दशलक्षण पर्व संपलं की जैन शेजारी हात जोडून एकमेकांची क्षमा मागतात. तिथली रीत सरळ आहे: ज्याचं मन दुखावलं त्याच्यासमोर उभं राहायचं. मित्रांसमोर रडणं त्यामानानं सोपं. मित्र चहा तरी पाजतात.

पिग्मीवाल्या मित्राकडं मात्र मी तुमच्याइतक्या रागानं बघू शकत नाही. रात्रपाळीत भट्टीसमोर उभं राहून मिळवलेले पाचशे तो नेऊन देतो, अट घालत नाही, चार माणसांत मिरवत नाही. लाजेनं तोंड लपवणारा आणि कोडगा बाहेरून सारखेच दिसतात; फरक बघायचा तर त्याच्या हातांकडं बघा. तुम्हाला तो भेटला नाही हे दुखणं खरं आहे आणि त्यानं यायला हवं होतं. पण ज्यांचं पोट हातावर आहे त्यांच्याकडं तो आधी गेला, हा क्रम मला चुकीचा वाटत नाही.

म्हणून तो सुटला असंही नाही. तो चार-पाच घरी देतो, म्हणजे बाकीच्यांना देत नाही. कुणाचे आधी फेडायचे हे पुन्हा तोच ठरवतोय, आणि पावती पुन्हा नाही. ज्यांच्या नजरेला नजर देववत नाही त्यांना पैसे मिळतात, ज्यांचा चेहरा त्याला आठवत नाही त्यांना काही नाही. शिवाय पाकिटातून दिलेली ही रक्कम चौकशीत कुणी धरणार नाही. उद्या एखादा "मला काही मिळालं नाही" म्हणाला तर याच्याकडं दाखवायला काय आहे? त्याला निरोप पाठवायचा तर एवढाच पाठवा: सगळ्यांची यादी कर, देशील ते त्यांच्या सहीनं लिहून घे, आणि जे माहीत आहे ते चौकशी अधिकाऱ्यासमोर सांग. शेवटचं त्याला सगळ्यात जड जाईल, कारण त्यात व्यवस्थापकाचंही नाव येतं. तुम्ही "भेटायला का आला नाहीस" हे आत्ताच विचारू नका. तो प्रश्न तुमच्या दोघांतला आहे, त्याला वेळ आहे.

आता माफीकडं येते. तुमच्याकडं माफ करण्यासारखं काय आहे? तुमची फसवणूक, तुमचा विश्वास, चहाचे ते सगळे कप. हे तुमचं आहे, ते आज माफ करा, दहा वर्षांनी करा, कधीच करू नका, कुणाला विचारायची गरज नाही. दोन लाख चाळीस हजारही तुमचे, असं म्हणणार होते, पण ते मुलीच्या लग्नाचे होते. त्यावर पाणी सोडायचं असेल तर आधी बायको-मुलीला विचारा. पत्र चार पानी आहे आणि त्यात आई आहे, मित्र आहेत, मंडळ आहे; बायको काय म्हणते ते एका ओळीतही नाही. लेकही नाही.

आणि ज्यांचं ऑपरेशन लांबलं त्या बाईंच्या वतीनं तुम्ही माफ करू शकत नाही. आई करू शकत नाहीत, मंडळ करू शकत नाही. पहिली सही तुमची का हवी, याचा विचार केलात? तुमच्या दोन लाखांसाठी नव्हे. तुम्ही "आपलाच माणूस आहे" म्हणालात तेव्हा लोकांनी पैसे घातले, तसंच तुम्ही सही केलीत की लोक पैसे सोडतील. तुमच्या शब्दाची गल्लीत जी पत आहे, ती दुसऱ्यांदा वापरायला मागताहेत.

इथं जरा कडू बोलते. माफ करून टाकायची तुमची घाई थोडी तुमच्या स्वतःसाठीही असावी. प्रकरण मिटलं की त्या सात-आठ जणांसमोरचं तुमचं अवघडलेपणही मिटेल, असं आत कुठंतरी वाटत असणार. तुम्ही चोरी केली नाही, तुम्हाला माहीतही नव्हतं. पण त्यांच्याकडं एकदा जाऊन "मी सांगितलं म्हणून तुम्ही पैसे घातलेत, मला वाईट वाटतं, चौकशीत तुमच्याबरोबर येतो," इतकं तुम्ही बोलू शकता. भाजीवाल्या मावशी कदाचित दोन शब्द सुनावतील. ऐकून घ्या. सही करून जे हलकं वाटणार नाही ते त्यानं वाटेल.

आईंच्या शब्दाचा मान ठेवून एक सांगते. पोटात घालणं ही घरातली रीत आहे: भावानं बांध रेटला, जावेनं टोमणा मारला, घातलं पोटात. लोकांच्या पैशाला ती लावली की तिचं पांघरूण होतं. भीड भिकेची बहीण, हेही त्याच पिढीनं शिकवलं आहे. आईंना उलट उत्तर देऊ नका. "माझ्यापुरतं बघतो, लोकांचं लोक बघतील," एवढं म्हणा, त्यांना पटेल.

सहीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. त्याला भावनेपलीकडचंही कारण आहे. गुन्हा नोंदला गेला की तो तक्रारदाराच्या खिशात राहत नाही. बाँड पेपरवर लिहून दिलं म्हणून खटला आपोआप संपत नाही. घटना नवा फौजदारी कायदा लागू होण्याच्या, म्हणजे १ जुलै २०२४ च्या, आधीची, तेव्हा जुनी भारतीय दंडसंहिता लागणार. एजंट किंवा बँकर या नात्यानं हाती आलेल्या पैशांचा अपहार असेल तर कलम ४०९ लागू शकतं, आणि ते तडजोडीनं मिटवता येणाऱ्या कलमांच्या यादीत नाही. तडजोड झाली म्हणून गुन्हा रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या भागासाठी धारवाडच्या खंडपीठात जावं लागतं आणि तिथं काय व्हायचं ते न्यायाधीश ठरवतात. मग तो कागद कशाला हवा? तिथं दाखवायला, आणि उरलेल्या साठ टक्क्यांवर उद्या कुणी बोलू नये म्हणून. यातलं काय काय त्या कन्नड मजकुरात आहे ते तुम्हाला नीट वाचता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. आपल्याकडं बोलण्यापुरती कन्नड येणारे पुष्कळ आहेत, कायद्याची कन्नड वाचणारे थोडे. मित्रानं वाचून दाखवलेल्या अर्थावर सही करायची नाही, मित्र कितीही जुना असो. कागदाची प्रत मागा, तुमच्या वकिलाकडून मराठीत समजून घ्या. प्रत द्यायला का-कू झाली तर तेवढ्यावरून काय ते समजा.

व्यवस्थापकाला भेटायचं तर एकट्यानं भेटा आणि थोडकं बोला. "पैसे आणि तक्रार यांची गाठ सोड. प्लॉट विक, जे आहे ते चौकशी अधिकाऱ्यामार्फत भर, सगळ्यांची यादी दे. तक्रारीचं कोर्ट बघेल. एवढं केलंस तर मी माझ्यापुरता तुझ्याशी बोलायला तयार आहे." यावर तो चिडेल, कदाचित पस्तीस वर्षं काढेल. काढू दे. केलंच त्यानं यातलं काही, तर शिक्षा ठरवताना परतफेडीचा विचार कोर्टही करतं, हे त्याचा वकील त्याला सांगेलच.

अशी पत्रं मला बेळगावातून, खानापुरातून अधूनमधून येतात, तेव्हा इतरांसाठीही थोडं. तुमची संस्था कुठल्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते पासबुकावर किंवा फलकावर बघा: १९५९ चा कर्नाटक सहकारी संस्था कायदा की १९९७ चा कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा. पहिल्याखाली कलम ६४ ची चौकशी होते आणि जबाबदार माणसांकडून कलम ६९ खाली वसुली होऊ शकते; अर्ज सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात द्यायचा, पोच घ्यायची. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी कर्नाटकाचा २००४ चा कायदाही आहे, त्यात मालमत्ता जप्त करून ठेवी परत देण्याची सोय आहे. तुमच्या संस्थेला तो लागतो का ते वकिलाला विचारा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती मागायला लाजू नका. आणि पाच लाखांचा ठेव विमा, ज्याची फेब्रुवारी २०२० पासून सगळीकडं चर्चा असते, तो बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. हे पिग्मी घ्यायला येणारा सांगत नाही. त्याच्या मशीनमधून निघालेल्या चिठ्ठीवर समाधान न मानता महिन्यातून एकदा संस्थेत जाऊन खात्याचा उतारा घ्यावा. ओळखीचा असला तरी घ्यावा, ओळखीचा असला तर आठवणीनं घ्यावा.

राहिलं मंडळ. दोघांना आरतीला येऊ द्या. गल्लीच्या गणपतीसमोर उभं राहायला कुणाची ना हरकत लागत नाही, आणि त्यांच्या बायकामुलांनी काही केलेलं नाही. बैठकीत शेजारी बसायचं की नाही हे तुमचं तुम्ही त्या दिवशी ठरवा, आज नको. पावतीपुस्तक आणि पेटीची किल्ली मात्र दुसऱ्याकडं जाऊ द्या. वर्गणी गोळा करायला निघायच्या आधी व्यवस्थापकाच्या घरी जाऊन हे त्याला सांगून या, म्हणजे चारचौघांत सांगायची वेळ येणार नाही.